सात कोटींत एक

आमच्या आजोळी माजघराच्या दारावर, चौकटीच्या अगदी वरच्या अंगाला, गेरूने लिहिलेली तीन इंग्रजी अक्षरे होती. खाली एक तारीखही होती. पण चुलीच्या धुराने ती इतकी पुसली होती की, माझ्या लहानपणी तिच्यातला एक पाच आणि एक आठ तेवढा ओळखू येई. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी धन्वंतरीला धने-गुळाचा नैवेद्य झाला, यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा ठेवला, की आजी पाट घेऊन त्यावर उभी राही आणि त्या तीन अक्षरांना कुंकवाचे बोट लावी.

सहा-सात वर्षांची असताना मी तिला विचारले, "आजी, हा कुठला देव?"

आजी पाटावरून उतरली आणि म्हणाली, "बायो, तुझ्या आईच्या आधीची दोन लेकरं हिवतापानं या घरातनं गेली. मग ते मलेरियावाले आले, भिंतींना औषध मारून गेले, जाताना ही अक्षरं लिहून गेले. त्यानंतरची तुझी आई. आता तूच सांग, हा कुठला देव ते."

ती अक्षरे होती डी. डी. टी.

आजीच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी माणसांना हिवताप होत असे आणि त्यांतली आठ लाख दगावत, असा त्या काळचा अंदाज आहे. आपल्या मुंबई इलाख्यात कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांनी १९४६ साली घरांच्या भिंतींवर हे औषध फवारून पाहिले आणि त्याचा गुण डोळ्यांना दिसला. १९५३ साली साऱ्या देशासाठी मलेरिया नियंत्रणाची मोहीम निघाली, १९५८ साली तिचे निर्मूलनाच्या मोहिमेत रूपांतर झाले, आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखभरावर येऊन ठेपली. साडेसात कोटींवरून एक लाख! आजीने कुंकू लावले यात नवल काय? मीदेखील त्या तीन अक्षरांच्या पुण्याईनेच या जगात आले आहे. पुढे जे लिहावयाचे आहे ते लिहिताना हे ऋण मी विसरलेले नाही, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मुलांना गणित आणि मराठी शिकवते, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. रसायनशास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघरापलीकडे फारसा कधी आला नाही. परंतु तीन-चार वर्षांपूर्वी आजीच्या गावावर एक कादंबरी लिहावी असे मनात आले, आणि हिवतापाची माहिती जमविता जमविता मी त्या औषधाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचले. त्या चरित्रातच मला एका तळ्याची हकीकत सापडली. कादंबरी अजून अर्धवट आहे. तळे मात्र मनातून जाईना. म्हणून आज ते आपल्यापुढे ठेवते.

प्रथम औषधाचा जन्म. ओटमार त्साइडलर नावाच्या विद्यार्थ्याने स्ट्रासबुर्ग येथे १८७४ साली हा पदार्थ प्रथम तयार केला. त्याचा उपयोग काय हे त्याला ठाऊक नव्हते आणि इतर कोणी विचारलेही नाही. सुमारे पासष्ट वर्षे तो पदार्थ पुस्तकातल्या एका नोंदीपुरताच जिवंत राहिला. पुढे १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी पाउल म्युलर या रसायनशास्त्रज्ञाला कीटकांना मारणारे औषध शोधीत असता तो पुन्हा सापडला. म्युलरने आदर्श कीटकनाशकाचे गुण आधीच ठरवून ठेवले होते. ते कीटकांना मारक असावे, माणसाला व जनावराला अपायकारक नसावे, त्याला वास नसावा, ते स्वस्त असावे. आणि एक गुण फार महत्त्वाचा, ते टिकाऊ असावे. एकदा भिंतीला लावले की महिनोन्‌महिने त्याचा प्रभाव उतरू नये. डीडीटी या कसोटीला उतरले. महायुद्धात नेपल्स शहरात उवांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा माणसांच्या कपड्यांत ही भुकटी फवारून ती आटोक्यात आणण्यात आली. १९४८ साली म्युलरला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दिवशी साऱ्या जगाने टाळ्या वाजविल्या आणि त्या टाळ्या खोट्या नव्हत्या.

त्यांतला तो एक शब्द तेवढा लक्षात ठेवा: टिकाऊ.

आता तळ्याकडे वळू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, डोंगरांच्या कुशीत एक विस्तीर्ण तळे आहे. त्याचे नाव क्लिअर लेक. नावाचा अर्थ निर्मळ तळे. पण पाणी तसे गढूळच, शेवाळाने हिरवट आणि तळाशी मऊ गाळ. पोमो नावाचे तेथले मूळचे लोक हजारो वर्षे या तळ्याच्या काठी राहत आले, लव्हाळ्याच्या होड्या करून त्यात मासे धरीत आले. मागाहून गोऱ्या लोकांची वस्ती झाली. मासे गळाला लावण्याच्या हौसेने दूरदूरचे लोक सुट्टीत तेथे येऊ लागले, काठाने बंगले उठले.

या पाहुण्यांना एकच त्रास होता, तो म्हणजे चिलटांचा. आपल्या डासाचे दूरचे भाऊबंद म्हणावे अशी ही बारीक चिलटे. मौज अशी की, ती चावत नाहीत. ती रक्त पीत नाहीत, रोग पसरवीत नाहीत. त्यांचा अपराध एवढाच की, उन्हाळ्याच्या रात्री ती ढगांसारखी उठत, दिव्यांवर झडप घालीत, ताटात पडत, डोळ्यानाकात जात. हा फरक वाचकांनी मनात ठेवावा. माझ्या आजीच्या घरात औषध आले ते मरणाशी झुंजायला. क्लिअर लेकवर आले ते सुट्टीतल्या माणसांची गैरसोय दूर करायला.

पण तेथील अधिकारी बेफिकीर होते असे मात्र कोणी समजू नये. माझ्या मते या हकीकतीतली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे. डीडीटी माशांना घातक आहे हे तोवर कळले होते, म्हणून त्यांनी त्याचाच सख्खा भाऊ असलेले, पण माशांना त्यापेक्षा सौम्य असे डीडीडी नावाचे औषध निवडले. त्यांनी तळ्याची पाहणी केली, त्यात पाणी किती आहे याचा हिशेब केला, आणि औषधाचे प्रमाण इतके अल्प ठेवले की ऐकणाऱ्याने निश्चिंत व्हावे: पाण्याच्या सात कोटी भागांत औषधाचा एक भाग.

हे प्रमाण मी वर्गात फळ्यावर लिहिले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, सात कोटींत एक म्हणजे असून नसल्यासारखंच की!" आम्ही गणित करून पाहिले. वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर साडेतीन हजार लिटरच्या टाकीत एक थेंब. काळाच्या हिशेबाने मांडले, तर सव्वादोन वर्षांतला एक सेकंद. मुले हसली. मीही त्या काळी त्या कचेरीत असते, तर खाली सही करून मोकळी झाले असते.

१९४९ साली हे औषध तळ्यात सोडण्यात आले. चिलटे जवळजवळ नाहीशी झाली. मासे पूर्ववत पोहत होते. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण काही वर्षांत चिलटे परतली, तेव्हा १९५४ साली पुन्हा औषध देण्यात आले, या खेपेस पाच कोटींत एक भाग.

क्लिअर लेकवर ग्रीब नावाचा एक पाणपक्षी राहतो. आपल्याकडच्या तळ्यातली टिबुकली वाचकांनी पाहिली असेल; दिसली न दिसली तोच बुडी मारणारी आणि भलतीकडेच वर येणारी. ग्रीब तिचाच नातलग, पण अंगाने मोठा, मान लांब, पोट पांढरेशुभ्र, डोळे लालबुंद. विणीच्या दिवसांत नर आणि मादी पाण्यावर उभी राहून जोडीने धावत सुटतात. पाहणाऱ्याला वाटावे, पाण्यावर नाच चालला आहे. घरटे तरंगते असते आणि पिले आईबापांच्या पाठीवर बसून तळ्यात फिरतात. मासे हेच त्यांचे अन्न. औषध सोडण्यापूर्वी या तळ्यावर ग्रीबांच्या हजाराहून अधिक जोड्या घरटी करीत असत.

१९५४ च्या औषधानंतरच्या हिवाळ्यात ग्रीब मरू लागले. शंभराहून अधिक पक्षी मेलेले आढळले. एखादी साथ आली असावी म्हणून तपासणी झाली, पण साथीचा मागमूस नव्हता. औषधाचा संशय कोणाला यावा? पाण्यात तर ते सापडतसुद्धा नव्हते. १९५७ साली चिलटांसाठी तिसऱ्यांदा औषध सोडले गेले, आणि पुन्हा ग्रीब मेले. तेव्हा कोणाला तरी सुचले की, मेलेल्या पक्ष्याची चरबी तपासून पाहावी.

त्या चरबीत डीडीडीचे प्रमाण निघाले दहा लाख भागांत सोळाशे.

आता हा आकडा त्या पहिल्या आकड्याच्या मापाने मांडून पाहा. पाण्यात औषध घातले होते पाच कोटींत एक. पक्ष्याच्या चरबीत निघाले सव्वासहाशेत एक. म्हणजे ऐंशी हजार पट! एक किलो चरबीत दीड ग्रॅमहून अधिक विष. कॅलिफोर्नियाच्या मत्स्य व वन्यप्राणी खात्यातील एल्ड्रिज हंट आणि आर्थर बिशॉफ यांनी मग तळ्यातली एकेक पायरी तपासली आणि १९६० साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. पाण्यात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, त्यांच्यात दहा लाखांत सुमारे पाच भाग. हे जीव खाणारे लहान मासे, त्यांच्यात चाळीसपासून तीनशेपर्यंत. लहान माशांना खाणारे मोठे मासे, त्यांच्यापैकी एकाच्या चरबीत तर अडीच हजार, म्हणजे चारशेत एक! आणि हे सारे, पाणी तपासले असता त्यात काहीही सापडत नसताना.

वर्गात हे सांगितले तेव्हा हसणारी मुले गप्प झाली. मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, तिने विचारले, "बाई, पाण्यात नव्हतं, तर मग गेलं कुठं होतं?"

शास्त्रज्ञांना जो प्रश्न पडायला आठ वर्षे लागली तो हाच. त्याचे उत्तर मी तिला फणसावरून दिले. आमच्या कोकणात फणस चिरायला बसण्याआधी हाताला तेल चोपडतात, कारण फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, कितीही धुवा. तेल लावले की सुटतो. या औषधाची जात त्या चिकासारखी. पाण्याशी त्याचे जमत नाही, तेलातुपाशी जमते. तळ्यात टाकले की ते पाण्यात राहायला तयार नसते. जेथे स्निग्धता सापडेल तेथे जाऊन बसते, आणि प्रत्येक जिवाच्या अंगात थोडीतरी स्निग्धता असतेच. हा झाला पहिला गुण. दुसरा गुण तो म्युलरने निवडलेला: टिकाऊपणा. आपण जे खातो त्याचे शरीर काहीतरी करते. जाळते, जिरवते, नाहीतर टाकून देते. या औषधाचे काय करावे हे माशाच्या शरीराला कळत नाही, कारण सृष्टीत असा पदार्थ पूर्वी कधी नव्हताच. तेव्हा ते चरबीत साठून राहते. शंभर सूक्ष्म जीव खाणाऱ्या माशाच्या अंगात शंभरांची शिल्लक येते. असे शंभर मासे खाणाऱ्याच्या अंगात दहा हजारांची. गावातल्या प्रत्येक घराने सावकाराकडे एकेक दाणा टाकावा, तो दाणा कधी कुजू नये आणि सावकाराने कधी कोणाला परत करू नये, तर कोठार कोणाचे भरेल? तळ्यातल्या सावकारीत शेवटचा धनको होता ग्रीब.

अधिकाऱ्यांनी हिशेब चोख केला होता. चूक एवढीच झाली की, तो पाण्याचा हिशेब होता, तळ्याचा नव्हता. तळे म्हणजे पाणी नव्हे. तळे म्हणजे एकमेकांना खाऊन जगणाऱ्यांचे एक मोठे एकत्र कुटुंब; एकाच्या पानात वाढलेले दुसऱ्याच्या पोटात गेल्यावाचून राहत नाही.

१९६० साली क्लिअर लेकवर ग्रीबांच्या हजार जोड्यांपैकी सुमारे तीस उरल्या होत्या. त्या तीस जोड्या घरटी बांधीत, पण १९५७ नंतर तळ्यावर पिलू म्हणून कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. रिकाम्या पाठीने पोहणारे ते पक्षी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मला आजी आठवते. तिच्या घरातले दोन पाळणे रिकामे झाले होते, आणि ज्याने पुढचा पाळणा भरला, त्याच कुळातल्या औषधाने सातासमुद्रांपलीकडे कोणाची तरी घरटी रिकामी केली होती.

विष पिलांपर्यंत कसे पोहोचते याचा आणखी एक दाखला त्याच देशातला आहे. न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज नावाचे तळे आहे. भोवतालच्या रानात किडींसाठी डीडीटी वर्षानुवर्षे फवारले जाई. तेथील ट्राउट जातीच्या माशांची अंडी आणून पाळणाघरात उबवीत, तेव्हा एक चमत्कारिक प्रकार दिसू लागला. अंडी फुटत, पिले निघत, धडधाकट दिसत. माशाचे पिलू पहिले काही दिवस पोटाला चिकटलेल्या बलकावर जगते. आईने दिलेली ती शिदोरीच. शिदोरी संपत आली आणि पिलू आता स्वतः खाऊ लागणार, की नेमके त्या वेळी ती पिले मरत. कारण १९६४ साली छापून आले. आईच्या अंगातले डीडीटी बलकाच्या स्निग्धतेत उतरले होते. पिलू आईची शिदोरी खात होते आणि शेवटच्या घासाबरोबर विषाची मात्रा पुरी होत होती.

पक्ष्यांच्या बाबतीत आणखी निराळा प्रकार निघाला. इंग्लंडमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी अंडी जमविणाऱ्या हौशी लोकांचे जुने संग्रह धुंडाळले, वर्षावर्षांची अंडी वजन करून ताडून पाहिली आणि १९६७ साली दाखवून दिले की, १९४७ च्या सुमारापासून शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे एकाएकी पातळ झाली आहेत. डीडीटीचे शरीरात जे रूपांतर होते ते कवचातला चुना नीट बसू देत नाही. आई उबवायला बसते आणि तिच्याच भाराने अंडे फुटते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ॲनाकापा नावाचे बेट आहे. तेथे पेलिकन, म्हणजे झोळीवाले पाणकोळी, वसाहत करतात. १९७० साली त्या बेटावर घरट्यांचे ५५२ प्रयत्न मोजले गेले. त्यांतून पिलू वाचले एक.

तेथे विष आले कोठून? लॉस अँजेलिसजवळच्या एका कारखान्यात डीडीटी तयार होत असे आणि त्याचे सांडपाणी शहराच्या गटारांतून समुद्रात जात असे. पॅलोस व्हर्डेस या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर सुमारे १,७०० टन डीडीटी अशा रीतीने जाऊन बसले, असा सरकारी अंदाज आहे. समुद्र अफाट आहे, त्यात सारे विरून जाईल, हा तेथलाही हिशेब. पाण्याचा हिशेब!

या साऱ्या विखुरलेल्या गोष्टी सामान्य वाचकांपुढे मांडण्याचे काम केले ते रेचेल कार्सन या बाईंनी. त्या सागरी जीवांच्या अभ्यासक आणि लेखिका. सरकारी मत्स्य व वन्यजीव खात्यात त्यांनी बरीच वर्षे नोकरी केली होती. क्लिअर लेकची कथा जगाला कळली ती १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकामुळे. त्या वेळी कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते, आणि बाहेर कारखानदार त्यांना भित्री, भावनाविवश बाई ठरवीत होते. सर्व औषधे बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. कशाचा परिणाम काय होतो हे जाणून घेतल्याशिवाय सगळीकडे शिंपडत सुटू नका, एवढेच त्या सांगत होत्या. १९६४ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. १९७२ साली अमेरिकेने आपल्या देशात डीडीटीचा वापर जवळजवळ बंद केला. ते पाहायला त्या नव्हत्या.

पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय कथा पुरी होणार नाही, आणि दिवाळीच्या दिवसांत वाचकाला अंधारात सोडून जाणे बरेही नव्हे. पेलिकन हळूहळू सावरले. २००९ साली अमेरिकेने त्यांचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढले. क्लिअर लेकवर ग्रीब परतले, आजही तेथे ते घरटी करतात आणि पिलांना पाठीवर घेऊन हिंडतात. चिलटांसाठी १९६७ साली त्या तळ्यात एक लहानसा चंदेरी मासा आणून सोडण्यात आला आणि चिलटांचा त्रास पुष्कळ कमी झाला. मात्र पॅलोस व्हर्डेसच्या समुद्रतळावरचे डीडीटी अजून तेथेच आहे, आणि तेथले काही मासे खाऊ नयेत अशी सूचना आजही लोकांना दिली जाते. कारखाना गेला, त्यातली माणसे गेली, नफातोट्याच्या वह्याही गेल्या असतील. टिकाऊ म्हणून नावाजलेले ते मात्र टिकून राहिले.

आपल्या देशाचे काय? आपल्या रायगड जिल्ह्यात, रसायनी येथेही सरकारी कारखान्यात डीडीटी तयार होत असे. शेतीसाठी त्याचा वापर आपण १९८९ साली बंद केला. हिवताप आणि काळा आजार यांच्या किटकांसाठी मात्र तो पुढेही चालू राहिला. पण तोवर डासही शहाणे झाले होते. औषधाला न जुमानणारे डास वाढत गेले, मोहिमेतली ढिलाई त्यांच्या पथ्यावर पडली, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. म्हणजे किडे सावरतात. त्यांच्या पिढ्या झपाट्याने उलटतात, त्यांतला एखादा विषाला पचवितो आणि त्याची प्रजा वाढते. वर्षाला दोन-चार अंडी घालणाऱ्या पक्ष्याला ही सवड मिळत नाही.

२००१ साली स्टॉकहोम येथे राष्ट्रांनी एकत्र येऊन न विरणाऱ्या बारा रसायनांविरुद्ध करार केला. २००४ पासून तो अंमलात आला आणि २००६ साली भारताने त्याला मान्यता दिली. त्या बारांत डीडीटी आहे. पण हिवतापासारख्या रोगांसाठी, दुसरा उपाय हाताशी नसेल तेथे, भिंतीला लावण्यापुरती त्याला मुभा ठेवलेली आहे. ती वाचली तेव्हा मला बरे वाटले. जगातल्या शहाण्या माणसांनी माझ्या आजीचेही ऐकले आणि ग्रीबांचेही, असे मनात आले. भिंतीवरचे हातभर औषध आणि तळ्यावर, रानावर, शेतावर ओतलेले औषध यांतला भेद करायला माणसाला अर्धे शतक लागले, इतकेच.

त्या बारांच्या यादीत पुढे भर पडत गेली आहे. अलीकडे ज्यांना 'कायमची रसायने' म्हणतात, ती डाग न पडणाऱ्या कापडासाठी, आग विझविण्याच्या फेसासाठी, न चिकटणाऱ्या भांड्यांच्या लेपासाठी वापरात आली. त्यांतली काही २००९ पासून यादीत येऊ लागली. नावे नवी, कूळ निराळे, पण कौतुक तेच: उन्हाने जात नाही, पाण्याने जात नाही, आगीनेसुद्धा सहसा जात नाही. आपण बाजारात गेलो की पहिला प्रश्न विचारतो, "टिकेल ना?" भांड्याला, पातळाला, पायताणाला हा प्रश्न योग्यच आहे. पण जे शेवटी ओढ्यात, नदीत, समुद्रात जाणार, त्याला उलटा प्रश्न विचारायला आपण शिकलो पाहिजे: "विरेल ना?" आपल्या पूर्वजांचे निर्माल्य पाण्यात जाई ते फुलांचे आणि पानांचे. पाणी सारे पोटात घेते, ही आपली श्रद्धा त्या निर्माल्यावर बेतलेली आहे. निर्माल्य बदलले, श्रद्धा तीच राहिली.

आजी जाऊन वीस वर्षे झाली. मामाने घराला सिमेंटचा गिलावा केला आणि ती तीन अक्षरे त्याच्याखाली गेली. तरी धनत्रयोदशीला आजोळी जाणे झाले, तर मी पाट घेऊन त्या जागी कुंकवाचे बोट लावते. मामी हसते, पण पाट तीच आणून देते. आजीचे ऋण खरे आहे, ते फेडायलाच हवे. मग संध्याकाळ व्हायच्या आत मी देवळामागच्या तळ्यावर जाऊन बसते. लव्हाळ्याच्या आडून टिबुकली बाहेर येते, बुडी मारते, कोठे गेली म्हणून पाहावे तो भलतीकडेच डोके वर काढते. मागच्या खेपेस भाच्यांना घेऊन गेले होते. टिबुकली बुडाली की ती ओरडत, "गेली कुठं? गेली कुठं?"

मुलांना हा प्रश्न विचारू द्यावा. पाण्यात काही टाकण्याआधी मोठ्यांनीही तो एकदा विचारावा. टिबुकली वर येते. आपण टाकलेलेही कोठे ना कोठे वर येतेच.